दादाच्या हाताला गिअर पडेना

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, उतारा असलं काही कोणी काढलं की मी उठून चहा टाकायला जाते. तरीही हे लिहितेय, कारण पोटात ठेवून ठेवून आता त्रास व्हायला लागलाय.

आम्ही वसईजवळच्या उमेळ्याचे. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पंचवीस वर्षं जपलेली आमची गाडी अजून दारात आहे. मागच्या वर्षी एका दुपारी अप्पांच्या छातीत कळ आली, उलट्या सुरू झाल्या. माझा मोठा भाऊ, दादा, गाडीत जाऊन बसला आणि पाच मिनिटांनी उतरला. "गिअरच पडत नाहीये गं. रिक्षा बघ." रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास गेला... अप्पा वाटेतच गेले.

तिसऱ्या दिवशी गाडी सावलीत लावायला मी बसले, तर पहिला गिअर अलगद पडला! शेवटी वहिनीच्याच तोंडून निघालं. अप्पा गेले त्याच्या आदल्याच दिवशी दादाने नवी सीट कव्हर्स घातली होती. त्यांच्यावर उलटी नको होती त्याला. बस्स, एवढंच!

मी त्याला काही बोलले नाही. मनात मात्र म्हटलं — अप्पा, याला सोडू नका.

आणि त्या दिवसापासून दादाच्या हाताला गिअर पडेना. क्लच पूर्ण दाबलेला, तरी नुसती करकर. मी किंवा वहिनी बसलो की काही अडचण नाही. वालीवच्या मेस्त्रीने क्लच प्लेट बदलली, केबल बदलली, गिअर ऑइल बदललं, शेवटी अख्खा गिअरबॉक्स उतरवून खोलला.

"ताई, आत एकदम क्लीन आहे," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "मी चालवली तर मक्खन. साहेब बसले की अडते. बाजूला बसून पाय पण बघितला त्यांचा, क्लच बरोबर दाबतात. माझं तर डोकंच चालत नाय."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दादा घामाघूम होऊन गिअरच्या दांड्याशी झगडायचा आणि मी खिडकीतून बघत बसायचे. अजून ओढ म्हणावं!

गेल्या महिन्यात, भर दुपारीच, दादाच्या छातीत दुखायला लागलं. "सुषमा, गाडी काढ, लवकर!" वहिनी ओरडली. दादाला मागे आडवं केलं. मी चावी फिरवली, इंजिन चालू झालं. आणि क्लचवर पायच ठेवला नाही. माझं ठरलंच होतं. दांड्याशी थोडी खोटी खटपट केली आणि म्हटलं, "गिअरच पडत नाहीये, वहिनी."

आरशात दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं.

तेवढ्यात माझ्या हाताखालून दांडा सरकला आणि पहिला गिअर पडला. आवाज नाही, हिसका नाही. इंजिन बंद पडायला हवं होतं, पण गाडी फाटकाकडे चालू लागली. मला स्टिअरिंग धरावंच लागलं. पुढचे गिअर मीच टाकले. वसईच्या हॉस्पिटलात वेळेत पोचलो आणि दादा वाचला.

मेस्त्री म्हणतो, क्लचशिवाय उभ्या गाडीला असा गिअर पडूच शकत नाही. ते मलाही ठाऊक आहे. कुणाला कारण सुचलं तर जरूर कळवा, मला अजून सापडलेलं नाही.

आता दादाच्या हाताला गिअर पडतो. रोज सकाळी ऐटीत स्टेशनला जातो. अप्पांनी त्याला माफ केलं असेल, तर ते त्यांचं ते जाणोत. मी केलेलं नाही.