आईच्या वहीचं शेवटचं पान

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या आश्विनात भाईंदरच्या नवघरमधल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक कट शिजत होता. कट करणारी व्यक्ती सत्त्याहत्तर वर्षांची होती, नात्यानं माझी आई लागत होती, आणि कट शिजत असताना मधूनमधून मला चहाही करून देत होती. तपास अधिकारी म्हणून मी स्वतःची नेमणूक केली. दुसरं मिळणार तरी कोण? घरात आम्ही दोघं सोडून फक्त माझी बायको, आणि ती पहिल्या दिवसापासून आरोपीच्या बाजूची.

या प्रकरणाची सुरुवात माझ्याच तोंडून झाली, हे लपवत नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी आईनं मला "नळ नीट बंद कर" म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं. मी बावन्न वर्षांचा आहे. माझ्या हाताखाली ऑफिसात अकरा माणसं आहेत आणि त्यातलं एकही मला नळाबद्दल काही बोलत नाही. मी वैतागून म्हणालो, "आई, थोडे दिवस कॅनडाला का नाही जाऊन येत तू?" धाकटी बहीण तिकडे बारा वर्षं आहे. दर वर्षी बोलावते, आणि दर वर्षी आई गुडघे पुढे करते. त्या दुपारी तिनं गुडघ्यांचं नाव काढलं नाही. नळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

बस, एवढंच. महिन्याभरात पासपोर्टचे फोटो निघाले, पावसाळा संपेस्तोवर व्हिसा आला, आणि दसऱ्यानंतरचं, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावरचं तिकीट निघालं. जायचं तिकीट. यायचं मागाहून बघू, असं बहिणीनं परस्पर ठरवलं होतं. विचारलं तर म्हणाली, "अरे दादा, तारीख फिक्स कशाला करायची?" मी ते वाक्य मनात नोंदवून ठेवलं.

मग पुरावे गोळा व्हायला लागले. शेजारच्या गुजराती बेन एकदा जिन्यात मला थांबवून आनंदानं सांगायला लागल्या, "माजी ने चकली का संचा मेरेको दे दिया. बोली, रख ले." मी जिन्यातच थबकलो. आईचा सोऱ्या! तिच्या सासूनं दिलेला, पितळी. त्याला बायकोनंसुद्धा कधी विचारल्याशिवाय हात लावला नाही. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस जी बाई सोऱ्या देऊन टाकते, ती परत यायचा विचार करते आहे असं कुठलंही कोर्ट म्हणणार नाही. सिल्व्हर पार्कच्या बाजारात जाऊन तिनं थंडीचे आतले कपडे आणले, तेही सहा जोड. सहा! व्हिडिओ कॉलवर मायलेकी खुसफुसत असायच्या, आणि मी खोलीत शिरलो की दोघी एकदम हवामानावर बोलायला लागायच्या. शिवाय खिडकी. भाईंदरच्या उड्डाणपुलावर रिक्षा चढली की जी डोळे मिटून घेते, तिनं बहिणीला तीनदा बजावलं होतं की विमानात मला खिडकीचीच जागा पाहिजे. का, ते कुणालाच सांगेना.

आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे वही.

आई मुंबईत असताना वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मी कॉलेजात गेलो त्या सुमाराला आम्ही इकडे राहायला आलो, पण तिच्यातली शिक्षिका काही निवृत्त झाली नाही. निघायच्या तीन आठवडे आधी तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी रेघी वही आणली, खाकी कागदाचं कव्हर घातलं, आणि रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून लिहायला लागली. मी जवळून गेलो की वही मिटायची. मी पाणी प्यायला आलो की वही मिटायची. एकदा मी नुसताच उभा राहिलो तर डोळे वर न करता म्हणाली, "पेपर फुटला तर पुन्हा काढावा लागतो."

बायकोचं म्हणणं, त्या तुम्हालाच लिहितायत, निघताना देतील, थोडा धीर धरा. हा सल्ला चांगला होता, म्हणूनच मी तो मानला नाही.

रोज संध्याकाळी पाच वाजता आई खालच्या मजल्यावर स्तोत्र मंडळाला जायची. निघायच्या चार दिवस आधी, ती लिफ्टमध्ये शिरल्याचा आवाज ऐकून मी तिची उशी उचलली. वही तिथेच होती. आता हेही संशयास्पद होतं. एवढी हुशार बाई वही उशीखाली ठेवते? पण माझ्याकडे तासाभराचाच वेळ होता. बायको दारात पहाऱ्याला उभी राहिली, म्हणजे हाताची घडी घालून मला नावं ठेवत उभी राहिली.

पहिल्या पानावर 'चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद' असं तिचं वळणदार अक्षर. त्याखाली घरच घर. पाणी सकाळी किती वाजता येतं आणि कुठला व्हॉल्व्ह आधी सोडायचा. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला बायकोनं जायचंच आणि कुणाच्या घरी डोकं दुखतंय म्हणून सांगायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तू बोलू नकोस, तुझा आवाज चढतो. गोळ्या सकाळच्या कुठल्या, रात्रीच्या कुठल्या; माझ्या! तिच्या नव्हेत. मधूनमधून लाल पेनानं समास आखून शेरे मारले होते. 'हे तू करणार नाहीस, ठाऊक आहे. तरी लिहिते.' नळाला आख्खं एक पान होतं, चित्रासकट.

नव्वदाव्या पानाच्या आसपास एक चौकट होती. 'माळ्यावर मागच्या बाजूला पितळी डबा आहे. त्यात तुझ्यासाठी एक वस्तू ठेवली आहे. मी पोचल्याचा फोन आल्यावरच काढायची.'

वाचकहो, त्या वेळी पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. कॅनडाहून फोन यायला अजून पाच दिवस होते. मी स्टूल आणलं. बायकोनं ते धरलं, तेही मी पडलो तर दवाखान्यात तिलाच बसावं लागेल या हिशेबानं. माळ्यावर गुडघ्यांनी रांगत, जुन्या चटया आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल ओलांडत मी डब्यापाशी पोचलो. झाकण काढलं. आत एक चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'फोन आला का? खाली ये. स्टूल डुगडुगतं.'

बायको स्टूल सोडून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून हसत राहिली. मी माळ्यावर एकटाच होतो.

चिठ्ठी होती तशी ठेवली, झाकण लावलं, उतरलो. आता वहीची दहाच पानं उरली होती. ती पळत्या नजरेनं चाळली, आणि मग हसू वगैरे सगळं ओसरलं. शेवटून दुसऱ्या पानाच्या अगदी तळाशी लिहिलं होतं, 'आता शेवटचं आणि महत्त्वाचं. मी परत'. पुढे पूर्णविराम नाही, काही नाही. मी पान उलटलं. पुढचं पान नव्हतं. शिवणीपाशी फाडल्याची दातेरी कड तेवढी होती.

"मी परत काय?" मी बायकोला विचारलं.

"येईन असेल," ती म्हणाली.

"मग फाडायचं कशाला? येईन लिहून कुणी फाडतं का?"

यावर ती पहिल्यांदाच माझ्या बाजूला येऊन बसली. आम्ही दोघं त्या कडेकडे बघत राहिलो. मला नळ आठवला. माझं ते वाक्य, ज्यात 'थोडे दिवस' हे शब्द होते खरे, पण ते कुठल्या आवाजात म्हटले होते तेही आठवलं.

त्या दिवशी जेवताना आई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होती. मी भात कालवत राहिलो. शेवटी तिनं ताकाची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, "डोक्याला जाळं लागलंय." कसलं, कुठलं, काही नाही. बायको घाईघाईनं पोळी आणायला आत गेली.

पुढचे चार दिवस माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाला फार कठीण गेले. सरळ विचारायचं तर वही वाचल्याचं कबूल करावं लागणार. न विचारावं तर ती जाणार, आणि मला कळणारच नाही की आई पाहुणी म्हणून चाललीय की कायमची. मी आडून आडून प्रयत्न केले. "मार्चमध्ये तुझ्या त्या मैत्रिणीच्या नातीचं लग्न आहे ना?" असं विचारलं. "आहे," ती म्हणाली आणि लसूण सोलत राहिली. "गच्चीवरच्या तुझ्या कुंड्या कुणाला देऊ?" म्हटलं. "कुणालाही," ती म्हणाली. कुणालाही! बायकोकडे बघितलं तर तिनंही डोळे विस्फारले होते.

निघायच्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये आलो आणि भिंतीवर एक चौकोन दिसला. बाकीची भिंत पिवळट, तेवढाच चौकोन नव्या रंगाचा. बाबांचा फोटो जागेवर नव्हता.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. तो फोटो आमच्याच गच्चीवर काढलेला आहे, कुणाच्या तरी साखरपुड्याच्या वेळी. त्यात बाबा मान वर करून बघतायत. येणारे-जाणारे म्हणतात, काय सात्त्विक नजर आहे. खरं तर त्या वेळी वरून विमान चाललं होतं. ते त्यांचं वेडच होतं. रविवारी पाण्याची टाकी बघायला म्हणून गच्चीवर जायचे आणि तासभर उतरायचेच नाहीत. हे दुबईचं, हे दिल्लीचं, असं छातीठोकपणे सांगायचे. बरोबर की चूक हे तपासायची आमच्याकडे काही सोय नव्हती.

तो फोटो मला आईच्या हातातल्या बॅगेत सापडला, सोलापुरी टॉवेलात गुंडाळलेला. मी चेन लावून टाकली. हार बेसिनपाशी काढून ठेवलेला होता. तपास इथे पूर्ण झाला, असं मला वाटलं. थोड्या दिवसांसाठी जाताना कुणी भिंतीवरचा नवरा घेऊन जात नाही.

दुपारी चार वाजता टॅक्सी आली. काशीमिऱ्याला गाड्या तुंबल्यात, लवकर उतरा, असं ड्रायव्हर खालून फोनवर सांगत होता. बायको मोठ्या बॅगा घेऊन पहिल्या खेपेला खाली गेली. बेननी आईच्या हातावर दही-साखर ठेवली, आणि सोऱ्या नीट सांभाळीन अशा अर्थाचं काहीतरी बोलून डोळे पुसले. आईनं बॅग छातीशी धरली, दुसऱ्या हातानं वही माझ्यापुढे केली. "मी पोचले की वाच," म्हणाली.

मी वही घेतली. जन्मात पहिल्यांदा बघतोय असा चेहरा केला. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी यापेक्षा वाईट काम करून बक्षीस मिळवलं आहे. लिफ्ट वर येत होती. दुसरा मजला. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. लिफ्टचा दरवाजा उघडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, शेवटचं पान कुठंय?"

बेन माझ्याकडे बघायला लागल्या. आई मात्र जराही दचकली नाही. कॉपी करताना पकडलेल्या मुलाकडे बघावं तशी तिनं माझ्याकडे बघितलं. मग हनुवटीनं दाराकडे खूण केली. कडीला दुधासाठी कापडी पिशवी अडकवलेली होती, रोज असते तशी. मी आत हात घातला. चार घड्या घातलेला रेघी कागद, एका बाजूनं दातेरी.

'येईन ती गुढीपाडव्याच्या आधी चार दिवस. तोपर्यंत दूध एक लिटरऐवजी अर्धाच लिटर घ्यायचं. मी आल्यावर पुन्हा एक.' आणि त्याखाली, तिच्या त्याच वळणदार अक्षरात, 'भैयाजी, कल से आधा लिटर.'

"तुझ्यासाठीच लिहिलं होतं," आई म्हणाली. "मग म्हटलं, तू काय दूधवाल्याला सांगायचं लक्षात ठेवणारेस? फाडून ठेवलं, आज पिशवीत टाकलं." आणि बेनकडे वळून हिंदीत म्हणाली की संचा दिवाळीपुरताच आहे हां, मार्चमध्ये नातीच्या लग्नाच्या चकल्या मला करायच्यात.

मला सुटल्यासारखं झालं, खरं सांगतो. पण तपास अधिकाऱ्याचा स्वभाव सुटत नाही. हातात वही, दुसऱ्या हातात दुधाची चिठ्ठी, लिफ्टच्या दाराला पाय लावून मी शेवटचा प्रश्न टाकला. परत यायचंय तर मग बाबांना का घेऊन चाललीस?

तिनं बॅग आणखी घट्ट धरली, लिफ्टमध्ये शिरली, आणि मी पाय काढून दरवाजा सोडला तेवढ्यात, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावं अशा आवाजात बोलून गेली, "त्यांनी जन्मभर विमान खालूनच बघितलं रे, त्यांच्यासाठीच तर खिडकी मागितली मी!"