काट्यावरचा श्वास

लढाईच्या वर्षी मी कारखान्यात बारूद तोलत होते. शिक्षण चौथी. सकाळी सहा ते आठ कारखान्याच्या राखणीसाठी केलेल्या महिला तुकडीची ड्रिल, नऊला ड्यूटी. घर शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात, तिथून सायकलने जायची. तुकडीत आम्ही बारा जणी. शिकवायला हवालदार ठोंबरे, अमरावतीकडचे. पलटणीतून काही महिन्यांसाठी आले होते.

आम्हाला चार रायफली मिळाल्या होत्या. त्या पुरुषांच्या तुकडीला हव्या होत्या. मोठ्या साहेबांनी हुकूम दिला: रविवारी सामना, दोन्हीकडून एकेक जण, पाच-पाच गोळ्या. बायका हरल्या तर रायफली जमा करून लाठ्या घ्यायच्या.

हवालदारांनी माझं नाव दिलं. सरावात माझा नेम पक्का होता. पण कोणी पाहायला उभं राहिलं की हात कापायचे.

रविवारी सगळी कॉलनी रेंजवर आली. त्यांच्या माणसाच्या पाचपैकी दोन गोळ्या निशाणाच्या काळ्या गोलात बसल्या. मग मी रायफल घेऊन आडवी झाले.

मागून आमचीच कमल म्हणाली, "लग्नात हिनं मान वर नाही केली, अन् आता निशाणा पाहून राहिली!"

पलीकडून कोणी ओरडलं, "दीदी, कौनसी आँख बंद करनी है, पता है ना?"

पहिली गोळी बाहेर गेली. दुसरीही बाहेर. हवालदार शेजारी गुडघ्यावर बसले.

"काहून कापते हात?"

"लोक पाहून राहिले, साहेब."

"बारूद तोलताना कापते?"

"नाही. तिथं श्वासानंही काटा हलतो. अर्धा श्वास सोडायचा, थांबायचं, मग चिमूट टाकायची."

"मग समोर काटाच आहे. लोकांचं मी पाहतो. चलो."

अर्धा श्वास सोडला. थांबले. बोट दाबलं. असं तीनदा केलं. तिन्ही गोळ्या काळ्या गोलात.

रायफली आमच्याकडे राहिल्या. हवालदार एवढंच म्हणाले, "उद्या सहाच्या आत ये. नळ्या साफ करायच्या आहेत."

तीन आठवड्यांनी त्यांना पलटणीचं बोलावणं आलं. दिवाळीच्या आधी ते लढाईत पडल्याची खबर आली.

त्यांना मानवंदना द्यायला परेड झाली. त्याच चार रायफली, एक माझ्या हातात. मैदान लोकांनी भरलं होतं. हुकूम झाला, "लोड. प्रेझेंट. फायर." हवेत तीन फैरी झाडल्या. दर फैरीला अर्धा श्वास सोडला, थांबले. हात हलला नाही.

परतताना मात्र सायकलचं हँडल हातात ठरेना. गोरखपूरपर्यंत ती हातानं ढकलत नेली.