आज टपाल नाही

हे मी कुणाजवळ बोललेलं नाही. पोरींजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आता सांगायचं तर सरळ सांगावं — पण सरळ येईल का?

आमचे हे भिंगारला लष्करी कचेरीत कारकून होते. नाद एकच, रेडिओचा. गाण्यांचा नव्हे. देशोदेशीचे हौशी लोक आपापल्या घरातून रेडिओवर एकमेकांशी बोलतात, ते हे ऐकत बसायचे. जुन्या घराशेजारी पिठाची गिरणी होती. तिची मोटर लागली की नुसती खरखर. म्हणून बहात्तर साली गावाबाहेर टेकाडावर घर घेतलं, भाड्यानं. यांनी छपरावर तार ताणली आणि पहिल्याच संध्याकाळी जपानचा माणूस शेजारी बसल्यासारखा बोलला. "अगं, ऐक की, काय साफ येतंय," म्हणाले. इतके खूश मी त्यांना लग्नातही बघितले नव्हते.

तिथं नळ नव्हता. दुष्काळाचं साल. खालून डोक्यावर पाणी आणायचे मी. हंडा उतरवायला हात लावा म्हटलं, तर बोट वर करून मला गप्प केलं — रेडिओ चालू होता. कारण म्हणून सांगत नाही. पाणी तर सगळ्याच बाया वाहत होत्या.

ऐकलेलं हे वहीत उतरवायचे आणि त्या माणसाला पत्र टाकायचे. ऐकलेलं बरोबर असलं की तिकडून कार्ड येतं, पोच म्हणून. जुन्या घरी धड ऐकूच येत नव्हतं, तर कार्ड कुठलं? आता यायला लागली. पोस्टमन दुपारी यायचा, तेव्हा हे कचेरीत. पहिलं माझ्याच हातात पडलं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही, पण कार्डावरच्या रेडिओच्या चित्रावरून कळलं. एक दिवस दाबून ठेवू म्हटलं, बघू दे वाट. दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं देणार? पाणी तापवायच्या बंबात घातलं. जाड कार्ड लवकर पेटत नाही. मग पुढची आली तीही घातली. हे दारातूनच विचारायचे, टपाल? मी म्हणायचे, नाही.

दाखवायला एकही कार्ड नाही म्हणून कचेरीतले यांना हसू लागले. एक जण आमच्याच घरी चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, यांना जपान ऐकू येतं, पण शेजारच्या टेबलावरनं हाक मारली तर येत न्हाई." मीही हसले. हे हसले नाहीत.

मग नगरला जाऊन कान दाखवून आले. माझ्यासमोर बसले. "कान चांगले हायेत म्हणतो डॉक्टर. मग मी ऐकलं ते काय हुतं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? त्या दुपारचं कार्ड माझ्या कमरेला खोचलेलं होतं.

मी म्हटलं, "भास झाला असंल."

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना — तेच वाईट. रविवारी छपरावर चढून तार उतरवली. त्यानंतर कुणी साधं काही सांगितलं, तरी माझ्याकडे बघून विचारायचे, असंच म्हणाला ना तो?

शेवटपर्यंत विचारत राहिले. मी व्हय म्हणत राहिले.