दुरुस्ती करणाऱ्याचं स्टूल

माणसं गोळा करण्याची आमच्या यजमानांच्या मावसभावाइतकी हौस अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणाला नसेल. लोक लग्नाला माणसं बोलावतात, भाऊजी एका नट-बोल्टासाठी बोलवायचे. परदेशी कंपन्यांना देशाचं दार नुकतंच उघडलं होतं. त्या दिवसांत पुण्याच्या कारखान्यातून ते एकच गोष्ट शिकून धारूरला परतले आणि त्यांनी वर्कशॉप टाकलं. यंत्र कागदावर असतानाच ते बनवणारा, चालवणारा, वाहून नेणारा असे सगळे एकत्र बसले पाहिजेत, म्हणजे नंतर कुणी "हे असं कावून केलं?" म्हणणार नाही. ही पद्धत वर्कशॉपपुरती राहिली असती तर ठीक. घरात फळी ठोकायची तरी सुतारासमोर आईला उभं करून तिचा हात कुठवर पोचतो ते बघायचे, आणि डबे पुसणार कोण, म्हणून बायकोलाही.

माझ्या गिरणीला मिरची कांडायचं यंत्र हवं होतं. उन्हाळा तोंडावर आलेला. हंगामात मिरची परत पाठवली की गिऱ्हाईक कायमचं दुसऱ्या गिरणीला जातं. मी म्हटलं, "भाऊजी, लवकर द्या." त्यांनी सभा भरवली. वेल्डर, मोटारवाला, टेम्पोवाला, मिरची आणणारी माझी शेजारीण आणि मी. मध्ये कोरा कागद, बाजूला एक रिकामं स्टूल. टेम्पोवाला त्यावर टेकायला गेला तर भाऊजी ओरडले, "उठ बे! तिथं दुरुस्ती करणारा बसलाय."

"कुठाय? मला तर दिसंना."

"अजून यायचाय. पण त्याचंबी ऐकावं लागंल."

आणि खरंच, प्रत्येक रेघेला स्टुलाकडं बघून विचारायचे, "जमंल का?" वेल्डरला हसू आवरेना. मी वैतागले. गावभर मिरच्या वाळत पडलेल्या आणि यांच्या स्टुलाशी गप्पा!

"वैनी, आत्ताच भांडून घ्या," ते म्हणाले. "उद्या लोखंडाशी भांडता यायचं न्हाई."

यंत्र ऐन वेळी आलं आणि ऐन हंगामात एका सकाळी बंद पडलं. दारात बायकांची रांग आणि भाऊजी लग्नाला उमापूरला गेलेले. शेजारणीनं पाटी उचलली. "दुसरीकडं नेऊ का वो?"

"ठेव खाली," म्हणत मी झाकणाला हात घातला. सगळे नट एकाच मापाचे, एक पाना पुरला. तुटलेला पट्टा समोरच होता आणि झाकणाच्या आत, हाताशी येईल असा, नवा पट्टा अडकवलेला. दुपारपर्यंत रांग संपली.

परतल्यावर भाऊजींनी विचारलं, "मंग? आला का दुरुस्ती करणारा?"

"आली होती," मी म्हटलं. "डोळ्यांत मिरची घालून."

ते पोट धरून हसले.

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. वर्कशॉप मोडलं तेव्हा बाकीचं सामान भंगारात गेलं, स्टूल तेवढं मी गिरणीत आणलं. कुणी त्यावर बसायला गेलं की उठवते. पाय मोडलाय म्हणून सांगते.

चारी पाय धड आहेत.