बारा महिने चालणारी बाई

"रक्त हाय हितं. बघा, फरशीवर रक्त हाय," धाकटी जाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून अशी ओरडत होती की ऐरोलीच्या खाडीतले बगळे ठाण्याला जाऊन बसले असतील. बाहेरच्या खोलीत गौरी बसल्या होत्या, तेरड्याला साडी नेसवून झाली होती, आणि मी तव्यावर नैवेद्याचं घावन सोडत होते. रक्त माझं होतं. पांढऱ्या फरशीवर दोन थेंब, माझ्या टाचेच्या मागे.

मी खाली बघितलंच नाही. "कुंकवाचं पाणी असेल," म्हटलं आणि घावन उलटलं.

सासूबाई आल्या. ओल्या फडक्याने थेंब पुसले, फडकं मोरीत टाकलं आणि जावेकडे वळल्या. "तुजाच आसंल. जा, बाहेर बस."

"आई, माजी तर परवाच सरली."

"बाहेर बस बोलले ना."

जाऊ रडत वरच्या मजल्यावर गेली. गौरींसाठी जमलेल्या एकाही बाईने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्यावर संशय घेणं म्हणजे देव्हाऱ्यातल्या समईवर चोरीचा आळ घेणं.

कारण मला पीसीओडी. पाळी यायची ती ग्रहणासारखी, वर्षातून एकदा-दोनदा, तीही पंचांगाला न कळवता. मूल काही झालं नाही. पहिली तीन वर्षं सासूबाई माझ्याकडे नासलेल्या दुधाकडे बघावं तशा बघायच्या. मग त्यांच्या लक्षात आलं की गल्लीतली प्रत्येक सून महिन्यातले चार दिवस बाजूला बसते, ही मात्र बारा महिने चालते. झालं. सत्यनारायण असो की नवरात्र, कुणाकडे ऐन वेळी सून बसली की सासूबाईंचा फोन वाजायचा. लोक आधी माझी तारीख घ्यायचे, मग भटजींची. उलव्याहून गाडी यायची न्यायला. वीस वर्षांत मी इतका नैवेद्य रांधला की चार गावांतल्या देवांची पोटं सुटली. माझं तर सुटलंच. हनुवटीवर राठ केस यायला लागले, ते मी नवऱ्याच्या रेझरने उतरवायचे, आणि तो बिचारा ब्लेडच्या कंपनीला शिव्या द्यायचा. पण मान होता. मूल नसलेल्या बाईच्या हातात पहिल्या आरतीचं ताट कोण देतं? मला द्यायचे.

डॉक्टरीणबाईंनी मी तिशीत असतानाच बजावलं होतं. तीन महिन्यांत पाळी आली नाही तर गोळ्या घेऊन आणायची, आतलं अस्तर साठू द्यायचं नाही, वय वाढेल तसा धोका वाढतो. मी गोळ्या आणायचे आणि डब्यात ठेवायचे. घेतल्या तर चार दिवस बाहेर बसावं लागणार, आणि नेमकी कुणाकडे तरी पूजा असायची. पुढच्या महिन्यात घेऊ. असे पुढचे महिने मी वाशीच्या मार्केटातल्या कांद्याच्या गोण्यांसारखे थरावर थर रचत गेले.

सत्तेचाळिसाव्या वर्षी सात महिने काहीच आलं नाही. बायका म्हणाल्या, सुटलीस एकदाची. आणि श्रावणात सुरू झालं ते थांबेना. चौथ्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही. मी दोन-दोन पॅड लावून, गडद साड्या नेसून पूजेच्या घरांत फिरत राहिले. आंघोळीला बसले की करवंदाएवढ्या काळ्या गाठी पडायच्या. त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि बाहेर येऊन मोदक वळायचे. गणपतीतल्या एका सकाळी गाठ पाण्याने हलली नाही. पायाने सरकवावी लागली. तेव्हाही मी केस पुसून बाहेर आले आणि विचारलं, नारळ कुणी खवलाय?

गौरींचा दिवस एकोणिसावा.

गौरी गेल्या, आणि दोन दिवसांनी आमचाच जिना चढताना मी तीनदा खाली बसले. नवऱ्याने उचलून दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी करणारी मुलगी आधी माझ्याशी गप्पा मारत होती, मग मारेनाशी झाली. मी म्हटलं, "मॅडम, आत खजिना सापडला तर निम्मा तुमचा." हसली नाही. मी आणखी एक विनोद सोडला. तोही वाया. आमच्या गल्लीत मयताला आलेली माणसंसुद्धा माझ्या बोलण्याला हसतात. तिने मशीनचा पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला, तेव्हा तिसरा मी गिळून टाकला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतके दिवस अंगावरून जातंय, आणि तुम्ही करत काय होतात?"

"घावनं," मी म्हटलं.

आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर आत्ता तरी दिसत नाही, पण पेशी त्याच वाटेला लागल्यात. पिशवी काढायची, लवकर काढायची, आणि ती काढून पूर्ण तपासल्यावरच काय ते कळेल. अस्तर किती जाड झालं होतं ते मी उगाच फुगवून सांगणार नाही. माझ्यासारखीलाही त्यात भर घालायची गरज पडली नाही.

घरी आले तर सासूबाई ओटीवर बसून भिजलेले वाल सोलत होत्या. मी समोर बसले आणि सगळं ओकले. ऑपरेशनचं सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं. मग म्हटलं, "आई, गौरींच्या दिवशी फरशीवर पडलं ते माझं होतं. जावेला उगाच बाहेर बसवलंत. एकोणीस दिवस जात होतं, आणि मी त्याच हातांनी नैवेद्य केला."

आता त्या कपाळ बडवून घेतील, देवांची नावं घेतील, निदान हातातला वाल फेकून मारतील, म्हणून मी मान खाली घालून बसले. त्यांनी साल बाजूला टाकलं. पुढचा वाल घेतला.

"मना म्हाईत व्हता," त्या म्हणाल्या. "श्रावनापासना म्हाईत व्हता. तू बसली असती तर सैपाक कोनी केला असता?"