अर्धवट आवाज

वडील गोठ्यात चांदीचे रुपये पुरून गेले, पण जागा सांगायची राहिली. बहिणीचं लग्न त्यावर अडलेलं. म्हणून आईनं लढाईत सुरुंग काढून आलेल्या शेजाऱ्याला बोलावलं. जमिनीतल्या धातूवर वाजणारं, लष्कराच्या मोडीतलं यंत्र घेऊन तो आला. आवाज खणखणीत असो की पुसट, तो पालथा पडून बोटांनीच माती उकरायचा. सकाळभर खिळे आणि नाल निघाले.

मग एक तुटका आवाज आला.

“खिळाच असंल, सोडा की,” मी पहार टेकून म्हणालो.

“न्हाई गड्या. असलाच आवाज सोडला, अन् जोडीदार गेला माझा.”

मी, घरातला कर्ता पुरुष, भिंतीआड गेलो.

काळवंडलेल्या रुपयांचं गाडगं दिसलं. आई धावली.

“काकी, मागं सरा!” तो ओरडला.

गाडग्याखाली बोटं सरकवून, तिथं सुरुंगबिरुंग पुरलेला नाही याची खात्री झाल्यावरच त्यानं ते तिच्या हाती दिलं.