ढगाआडची चांदणी

चाळीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. माझी पहिली विद्यार्थिनी माझी धाकटी बहीण. तिचे डोळे गेले त्यात माझा वाटा आहे. हे वाक्य मी आजवर कुणापुढे बोललो नाही. लिहायलासुद्धा ऐंशी ओलांडावी लागली, यावरून माझी हिंमत ओळखा.

पन्नास सालानंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. कारंज्याला मामाकडे राहून मी सातवीत शिकत होतो आणि दिवाळीच्या सुटीत किन्हीराजाला घरी आलो होतो. शेलूबाजारपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बाबांची बैलांची दमणी. भूगोलाच्या पुस्तकातली आकाशाची चार पानं मला तोंडपाठ होती, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळं होण्याचं ते वयच असतं. दमणीत बसल्याबसल्याच मी बाबांना सांगितलं, "शुक्राची चांदणी ही चांदणीच नाही बाबा. तो ग्रह हाय. त्याले सोताचा उजेड नसते."

बाबा इतके खूश झाले की घरी पोचेपर्यंत वाटेत भेटेल त्याला त्यांनी थांबवून ते ऐकवलं.

बहीण तेव्हा आठ वर्षांची होती. तिला शिकवायचं मी ठरवलं. दिवेलागणीला अंगणात शेवग्यापाशी तिला उभी करायची, तिचं बोट धरून एकेका चांदणीवर न्यायचं आणि विचारायचं, "लुकलुकते का?" लुकलुकली तर तारा, स्थिर असली तर ग्रह. पश्चिमेला शुक्र, पूर्वेला गुरू, मधे सगळे तारे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, कोठी काय हाय? मले तं सारं काळं भोक दिसून राह्यलं."

"आभाळात भोक असते का? पुस्तकात नाही लिहेल तसं." मी तिच्या डोक्यात टपली मारली. "नीट पाह्य."

दुसऱ्या दिवसापासून ती बरोबर उत्तरं देऊ लागली. तारा असेल तर "लुकलुकते," ग्रह असेल तर "नाही लुकलुकत." चौथ्या दिवसापर्यंत एकही चूक नाही. माय मात्र तिच्यावर सारखी कावलेली असायची. सांज झाली की पोरगी उंबऱ्याला ठेचकाळे, पाण्यानं भरल्या गुंडाला लाथ लावे. "डोये फुटले का व तुहे?" माय म्हणे. धांदरट पोरीला सगळ्याच आया असं म्हणतात. त्या शब्दाकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पाचव्या दिवशी बाबांनी गावातल्या गुरुजींना उद्या येऊन पोरीची परीक्षा घ्या म्हणून सांगून ठेवलं. म्हणून मी जोरात तयारी करून घेत होतो. आभाळाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत मी तिचं बोट वर नेलं आणि विचारलं. "लुकलुकते," ती लगेच म्हणाली. मी वर पाहिलं. तिथे ढग आला होता. चांदणी नव्हतीच. मी बोट त्याच ढगात दुसरीकडे नेलं. "लुकलुकते." आणखी एकीकडे. "लुकलुकते."

माझा हात सैल पडला. तेरा वर्षांचा होतो, पण दूधखुळा नव्हतो. शेजारच्या म्हातारबाबांना सांजेनंतर दिसत नसे आणि त्याला रातांधळं म्हणतात, हे मला ठाऊक होतं. मायला हाक मारायला एक क्षण पुरे होता. पण उद्या गुरुजी यायचे होते.

गुरुजी आले. मी बोट धरलं, तिनं सगळी उत्तरं बरोबर दिली. गुरुजींनी पाठ थोपटली ती माझी. "हा पोट्टा मास्तर होईन," म्हणाले. बाबांचे डोळे भरून आले. आता यानंतर कोणत्या तोंडानं सांगायचं? सुटी संपली आणि मी कारंज्याला निघून गेलो.

उन्हाळ्यात परत आलो तेव्हा तिच्या दोन्ही बुबुळांवर पांढरं आलं होतं. बाबा तिला अकोल्याला घेऊन गेले, मी सोबत होतो. डॉक्टर रागावले. सांजेला दिसत नव्हतं तेव्हाच आणायची होती, म्हणाले. कलेजी, पालेभाजी, शेवग्याचा पाला खाऊ घातला असता, औषधाचं तेल पाजलं असतं, तर डोळे राहिले असते. बाबा म्हणाले, "साहेब, आमाले काय मालूम?" मी खाली मान घालून उभा होतो. त्या 'आमाले'मधला मी नव्हतो.

पुढे मी मास्तर झालो. बहीण माझ्याच घरी राहिली. तिचं सगळं केलं मी, लोक म्हणतात देवमाणूस आहे. ऐकून मला स्वतःची शिसारी येते.

काही वर्षांपूर्वी पेपरात कृष्णविवराचं चित्र आलं. दुपारी ओसरीवर ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी वाचून दाखवत होतो. तिनं समजावून सांगायला लावलं. मी म्हटलं, तारा म्हणजे पेटलेली चूल. ग्रह म्हणजे चुलीपुढं बसलेल्याचं उजळलेलं तोंड. आणि फार मोठ्या ताऱ्याचं जळण संपलं की तो आपल्याच भारानं आत कोसळतो. मग त्याची ओढ इतकी वाढते की उजेडही आत गेला तर बाहेर येत नाही. ते भोक नसतं, उलट ठासून भरलेलं असतं.

"मंग तो हाय, हे कसं समजते?"

"आजूबाजूचे तारे कसे फिरतात त्यावरून."

ती हसली. "मले तुह्या हातावरून समजे तसं. ग्रह आला की तू बोट दाबत होता, भाऊ."

शेंगा सोलता सोलताच ती पुढे बोलली, "अन् एक दिवस हात ढिला सोडला तू. ढग आल्ता ना? तवा मले समजलं, दुसऱ्याइले दिसते, मलेच नाही दिसत. म्या वाट पाह्यली, तू मायले सांगशीन."

"मंग तू काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

"गुरुजी येनार होते ना," ती म्हणाली. "तुले मास्तर व्हाचं होतं."

मग तिनं हात पदराला पुसला आणि बोट पुढं केलं. "दाखव बरं, कोठी हाय तो काळा."

मी तिचं बोट धरून चित्राच्या मधोमध ठेवलं. या वेळी हात ढिला सोडला नाही, आणि ते तिला समजत होतं.